पान चारवरची यादी

परदेशातून परिषदेला येणाऱ्या प्रतिनिधींसाठी विद्यापीठाचं एक माहितीपत्रक निघतं, ते मी लिहिते. लिहिते म्हणजे काय, मागच्या वेळचं उघडायचं, तारखा बदलायच्या आणि नव्या नावाने ठेवायचं. विमानतळावरून टॅक्सी कुठल्या दाराशी मिळते, नळाचं पाणी प्यावं की नाही, इथल्या प्लगला किती पिना असतात, संध्याकाळी गार वारं सुटतं तेव्हा एक स्वेटर असू द्यावा. वीस पानं. एकवीस वर्षं हे करतेय आणि स्वतः एकदाही विमानात बसलेली नाही. ऑफिसात मला सगळे 'चौकशीबाई' म्हणतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

पान चारवर व्हिसाची माहिती असते. कुठल्या देशांच्या लोकांनी आधी व्हिसा काढायचा आणि कुठल्या देशांच्या लोकांना उतरल्यावर विमानतळावरच शिक्का मिळतो, त्याची यादी. उतरल्यावर शिक्का मिळणाऱ्यांच्या यादीत या वर्षी अडतीस देश होते. पत्रक मंजूर झालं, छापून आलं, सगळ्यांना मेलनेही गेलं आणि त्यानंतर बारा दिवसांनी सरकारी परिपत्रक आलं की त्यातले दोन देश वगळले.

मी ते वाचलं. वाचलंच नाही असं म्हणून कानावर हात ठेवता आले असते, पण वाचलं. आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवून दिलं. का, तेही सांगते. आमच्याकडे पत्रक एकदा मंजूर झालं की त्यातला स्वल्पविराम हलवायचा तरी समितीच्या सात जणांच्या सह्या लागतात. मागच्या खेपेला बसचा नंबर बदलला होता, तर तेवढ्यासाठी मी सात केबिनींच्या दारात चार दिवस उभी होते. एका महाशयांनी तर विचारलं, "बाई, परिषदेला बसने येतं कोण?" तेव्हापासून मी कानाला खडा लावला. शिवाय त्या दोन देशांतून इतक्या वर्षांत चिटपाखरूसुद्धा आलं नव्हतं. म्हटलं, मरू दे.

आणि याच वर्षी एक जण आला.

त्याने आधी मेल केला होता. एक नाही, दोन. पहिल्यात नेहमीचंच, निमंत्रणपत्र मिळालं, आभारी आहे. दुसऱ्यात विचारलं होतं, "पान चारवर माझ्या देशाचं नाव आहे. ते आजही लागू आहे ना? कृपया एका शब्दात कळवा." एक शब्द मागितला होता हो त्याने. त्या दिवशी माझ्यापुढे एकशे बारा मेल पडले होते. कुणाला शाकाहारी जेवण हवं, कुणाला खालच्या मजल्यावरची खोली, एका बाईंना गादी कडक हवी. अशांसाठी माझ्याकडे एक तयार वाक्य आहे, ते चिकटवायचं आणि पुढे जायचं. त्यालाही तेच गेलं. 'कृपया माहितीपत्रकाचे पान चार पाहावे.'

परिषदेच्या पहिल्या दिवशी सकाळी दहाला माझा फोन वाजला. नोंदणीच्या टेबलापुढे रांग लागलेली, पिशव्यांचा ढीग, नावाचे बिल्ले सापडत नव्हते म्हणून माझं डोकं आधीच फिरलेलं. फोन धाकट्या दिरांचा. ते विमानतळावर पासपोर्ट तपासणीत अधिकारी आहेत. कामाच्या वेळी ते कधी फोन करत नाहीत.

"वहिनी, तुमचा एक पाहुणा माझ्यापुढे बसलाय," ते म्हणाले. "व्हिसा नाही. म्हणतो, विद्यापीठाने लिहून दिलंय की इथे मिळेल. तुमचं पत्रक दाखवतोय."

"कुठल्या देशाचा?"

त्यांनी सांगितलं. काचेखालच्या परिपत्रकातल्या दोन नावांपैकी एक.

"काय करणार त्याचं?"

"ज्या विमानाने आला त्याच कंपनीच्या चार दहाच्या विमानाने परत. नियमच आहे तो. पण वहिनी, हा घाबरलाय. साधा नाही, पार गळाठलाय. विहिरींच्या पाण्यात कारखान्याचं विष उतरतंय असं याने शोधून छापलं म्हणे. बरोबरच्या दोघांना गेल्या महिन्यात उचललं, ते कुठे आहेत कुणाला पत्ता नाही. हा तुमच्या परिषदेच्या निमित्ताने कसाबसा सटकलाय. परत गेला तर विमानाच्या दारातच धरतील म्हणतो. आणि मला ते खरं वाटतंय."

"मग सोडा ना त्याला आत, भाऊजी!"

"असं कसं सोडू? भाजी आणायला आलाय का तो?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक वाट आहे. निमंत्रण देणाऱ्या संस्थेची चूक असेल तर मी पंधरा दिवसांचा तात्पुरता प्रवेश देऊ शकतो. एकदा आत पाऊल पडलं की पुढचे आश्रयाचे अर्ज तो करील. पण त्याला विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र लागेल. मूळ प्रत. चूक आमची, माणूस आमचा, जबाबदारी आमची, एवढं लिहा. साडेतीनच्या आत माझ्या हातात पाहिजे."

मी पत्र दहा मिनिटांत टाइप केलं. विभागाचा कागद, जावक क्रमांक, शिक्का, सगळं व्यवस्थित. खाली साहेबांचं नाव आणि वर सहीपुरती जागा.

साहेब सभागृहाच्या मागच्या खोलीत भाषणाचे कागद चाळत उभे होते. आमचे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मी आजही म्हणेन. माझ्या मिस्टरांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा दोन महिने मला लवकर घरी सोडत होते. पण कागद पुढे आला की त्यांच्या अंगावर काटा येतो. त्यांनी पत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर नेला.

"'चूक आमची' हे शब्द कशाला?"

"कारण चूक आमची आहे, सर."

"आमची म्हणजे नक्की कुणाची, बाई?"

मी म्हटलं, "माझी. परिपत्रक आलं होतं. मी बदल केला नाही."

त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं. बाहेर माईकवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. मग म्हणाले, "हे मी एकट्याने कसं लिहून देऊ? पत्रक समितीचं आहे. उद्या पेपरात आलं तर? जेवणाच्या सुट्टीत बोलू." आणि गेले उद्घाटनाचे दिवे लावायला.

जेवणाच्या सुट्टीत मी ताटं घेऊन उभ्या असलेल्या लोकांतून त्यांच्यापर्यंत पोचले. एक वाजून गेला होता. ते तीन पाहुण्यांच्या घोळक्यात हसत होते. मला बघून त्यांचं हसू मावळलं. बाजूला येऊन म्हणाले, "मी चार जणांशी बोललोय. दोघं हो म्हणतायत, दोघं म्हणतायत वकिलाला विचारा. तुम्ही असं करा, पत्र घेऊन विमानतळावर जा. इथे निर्णय झाला की मी माणसाबरोबर सही केलेलं दुसरं पाठवतो."

"तीन वाजेपर्यंत पाठवाल ना, सर?"

"जा तुम्ही. बघतो."

'बघतो' म्हणजे काय हे इतक्या वर्षांनी मला कळायला नको? कळत होतं. तरी गेले. जाण्यात निदान काहीतरी केल्यासारखं होतं.

आमच्या पत्रकात पान सहावर लिहिलंय की विमानतळ ते विद्यापीठ पन्नास मिनिटं लागतात. मला सव्वा तास लागला. ते वाक्यही कुणी कधी तपासलेलं नाही.

भाऊजींनी मला आतल्या बाजूला नेलं. लांब दिव्यांची, खिडक्या नसलेली खोली, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. मला वाटलं होतं कुणी मोठा प्राध्यापक असेल. हा तर माझ्या मुलीच्या वयाचा, फार तर बत्तीस. कोट अंगाला मोठा, कुणाकडून तरी मागून आणल्यासारखा. मांडीवर आमचं पत्रक. मी विद्यापीठातून आले म्हटल्यावर तो ताडकन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याला आमची भाषा येत नव्हती, मला त्याची. दोघांची मोडकीतोडकी इंग्रजी, त्यावर काम भागलं.

"तुम्ही स्वतः आलात," तो म्हणाला.

मग पत्रक उघडून त्याने पान चार माझ्यापुढे धरलं. त्याच्या देशाच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. मला वाटलं, आता हा मला धारेवर धरणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द बोलता आले असते. तो एवढंच म्हणाला, "मी नीट वाचलं होतं ना? हे अधिकारी म्हणतात माझी चूक झाली."

"नीट वाचलं होतंत," मी म्हटलं. पुढचं सांगायला जीभ रेटेना.

तो हसला. कुणीतरी हो म्हटल्याने त्याचा जीव भांड्यात पडला. लगेच फोन काढून घरी लावला आणि आपल्या भाषेत भराभर बोलला, मध्येच माझ्याकडे बोट दाखवत, जणू पलीकडच्या माणसाला मी दिसत होते.

सव्वातीन वाजले. मी साहेबांना तीनदा फोन केला, तीनदा वाजून वाजून बंद झाला. चौथ्यांदा मेसेज आला, 'सत्र चालू आहे. वकील चार वाजता भेटतील.'

मी भाऊजींना तो मेसेज दाखवला. त्यांनी मला शेजारच्या छोट्या खोलीत नेलं. एक टेबल, दोन खुर्च्या, शाईचं पॅड. दार लोटलं आणि म्हणाले, "वहिनी, पत्र तर तुमच्या पर्समध्येच आहे."

"सही नाही त्याच्यावर."

"या परिषदेची साडेतीनशे निमंत्रणपत्रं गेली. माझ्याकडे सकाळपासून त्यातली साठ येऊन गेली. सगळ्यांवर साहेबांची सही." त्यांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. "ती कुणी केली ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी आमच्याकडे बसून करत होतात, चहा पीत पीत. साहेबांना कंटाळा येतो म्हणून. दादा म्हणाला पण होता, हिची सही साहेबांपेक्षा झोकदार आहे."

मी पर्स टेबलावर ठेवली.

"मला पाणी प्यायचंय," भाऊजी म्हणाले. "पाच मिनिटांत येतो. आलो की टेबलावर पत्र असेल तर मी शिक्का मारीन. मी फक्त कागद बघतो, कुणाचा हात होता ते मला विचारायचं कारण नाही."

ते गेले. मी पत्र काढलं, सरळ केलं. पेन उचललं.

साहेबांची सही मला डोळे मिटून येते. पहिलं अक्षर मोठं, मग नुसती लाट, शेवटी खाली एक फटकारा. इतक्या वर्षांत मी ती हजारांनी केली असेल. निमंत्रणांवर, रजेच्या अर्जांवर, एकदा तर एका प्राध्यापकाच्या शोकसंदेशावर. तेव्हा कधी मनात आलं नाही की हा गुन्हा आहे. ती पत्रं कुणी परत उघडून बघणार नव्हतं. हे बघणार होते. 'चूक आमची' लिहिलेल्या पत्राची चौकशी होणार होती, साहेब म्हणणार होते ही माझी सही नाही, आणि ते खरंच असणार होतं. माझ्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. मिस्टर अंथरुणात, डावी बाजू गेलेली. त्यांचा डॉक्टर, त्यांच्या गोळ्या, सकाळी येणारी व्यायामवाली बाई, सगळं माझ्या नोकरीच्या आरोग्य योजनेवर. नोकरी गेली की ते गेलं. मी हे सगळं त्या पाच मिनिटांत पाच वेळा मोजलं. भिंतीपलीकडे तो मुलगा खोकत होता तेही ऐकू येत होतं.

मी भ्याले. दुसरा शब्द नाही. पाचावर धारण बसली माझी. पेन हातात आणि हात टेबलावर, आणि मी स्वतःला सांगत बसले की साहेबांचा फोन येईल, अजून येईल.

भाऊजी आले. त्यांनी कोऱ्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेन उचलून खिशाला लावलं आणि बाहेर गेले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात.

त्याला न्यायला दोघं आले तेव्हा मी खोलीच्या दारात होते. पत्र अजून येतंय असं वाटून तो आधी माझ्याकडेच आला. मी मान हलवली. त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने पत्रक नीट मिटून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि जाताना मला "थँक यू" म्हणाला. अशा वेळी माणसं सवयीने म्हणतात तसं.

चार वाजून वीस मिनिटांनी साहेबांचा फोन आला. "बाई, वकील म्हणाले द्यायला हरकत नाही. फक्त 'चूक' ऐवजी 'गैरसमज' लिहा."

मी सांगितलं, विमान गेलं. ते म्हणाले, "अरेरे." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक टिपण माझ्याकडून टाइप करून घेतलं, 'प्रतिनिधीने प्रवासापूर्वी स्वतः खात्री करून घेणे अपेक्षित होते.' मी ते टाइप केलं. त्यावर खाली सही साहेबांनी स्वतः केली, हातासरशी, उभ्या उभ्या.

तीन आठवड्यांनी ऑफिसात फोन आला. दुपारची वेळ, सगळे चहाला गेलेले. बाईचा आवाज. त्याची बहीण. थांबत थांबत, इंग्रजी शब्द शोधत ती बोलत होती. तिने सांगितलं की तो उतरला त्याच दिवसापासून आत आहे. एकदाच भेटू दिलं, दहा मिनिटं, मध्ये जाळी. त्याचे पुढचे दोन दात नाहीत.

"मला फक्त एक विचारायचंय," ती म्हणाली. "तो कुठला कागद न्यायला विसरला? आई रोज त्यालाच बोलते. म्हणते, लहानपणापासून हा असाच वेंधळा, शाळेत जाताना डबासुद्धा विसरायचा, याने काहीतरी घरी ठेवलं म्हणून परत पाठवलं. मी त्याची खोली पालथी घातली. मला काहीच सापडत नाही."

त्या पोराचे दात पाडलेत आणि घरात त्याची आई त्यालाच दोष देतेय. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "तो काही विसरला नव्हता. आमच्या पत्रकात चुकीचं छापलं होतं. मला माहीत होतं आणि मी बदललं नाही. त्याने विचारलं होतं, तेव्हाही मी नीट उत्तर दिलं नाही. त्याचा काही दोष नाही. आईंना सांगा."

मला वाटलं फोन कट झाला. मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि मी त्या ऐकून घ्यायला तयार होते, खरंच होते.

ती रडत होती. पण रडतानाच तिचा आवाज बदलला, घाईचा झाला. "हे लिहून द्याल?" ती म्हणाली. "इथले अधिकारी म्हणतात तो परिषदेला गेलाच नाही, ते निमंत्रण खोटं होतं, तो पळून जात होता, म्हणून तिथल्यांनी हाकलला. वकील म्हणतात, तुमच्या ऑफिसने लिहून दिलं की बोलावणं खरं होतं आणि चूक तुमची होती, तर निदान कोर्टापुढे उभं करतील. चार ओळी पुरेत. तुमच्या नावाने दिलंत तरी चालेल, ताई. मी आज फोनपाशीच बसते."

टेबलावर विभागाचे कागद होते. माझं पेन होतं. या वेळी दुसऱ्या कुणाची सही करायची नव्हती, माझीच करायची होती.

"ताई?" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "साहेबांना विचारून सांगते."

"आज सांगाल?"

"आजच सांगते."

तिने माझे तीनदा आभार मानले आणि फोन ठेवला. साहेबांचं दार उघडंच होतं. ते आत एकटे बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी पाच वाजेपर्यंत जागेवरून उठले नाही, आणि पाच वाजता पर्स घेऊन घरी गेले.